सेकिहोकु रेल्वे : बोगद्याच्या भिंतीतला माणूस

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक वाऱ्याच्या वेगाने धावणारी बुलेट ट्रेन, आणि दुसरे शांत बुद्धविहार. पण जपानमध्ये अशीही एक रेल्वे आहे, जिचा इतिहास कुठल्याही कष्टकऱ्याने ऐकलाच पाहिजे. ही रेल्वे आहे देशाच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावर. तिचे नाव सेकिहोकु. असाहिकावा शहराच्या बाजूने निघून ती डोंगर ओलांडते आणि ओखोत्स्क समुद्राकाठच्या अबाशिरी गावी पोहोचते. लांबी २३४ किलोमीटर. बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ, आणि डिझेलवर चालणाऱ्या गाड्या.

आम्ही साप्पोरोहून ओखोत्स्क एक्स्प्रेसने निघालो. अबाशिरीपर्यंत साडेपाच तास लागतात. असाहिकावा मागे पडल्यावर जंगल सुरू होते. मैलोन् मैल माणूस दिसत नाही. पुढे एनगारू स्टेशनात एक गंमत झाली. गाडी थांबली आणि सारे प्रवासी उठून आपापली बाके उलटी फिरवू लागले. पूर्वी येथून एक फाटा नायोरोकडे जात असे. तो १९८९ मध्ये बंद झाला. त्यामुळे गाडीला आल्या तोंडी परतून दुसऱ्या रुळाने जावे लागते. कितामीचा कांदा साऱ्या जपानात जातो. कांद्याच्या मालगाडीला म्हणून पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने जोडतात.

एनगारूच्या अलीकडे शिराताकी नावाचा भाग आहे. २०१६ मध्ये येथली तीन छोटी स्टेशने बंद झाली. शाळेला जाणाऱ्या एकाच मुलीसाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवले, अशी बातमी तेव्हा जगभर पसरली होती. खरी हकीगत थोडी साधी आहे. दरसालप्रमाणे मार्चमध्ये वेळापत्रक बदलले आणि त्याच महिन्यात तिचे शिक्षण पूर्ण झाले. पण खेड्यातली मुलगी या गाडीने एनगारूच्या हायस्कुलात जात होती, हे खरेच. गरिबाच्या मुलाला शाळेपर्यंत नेणारी गाडी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पण ही वाट तयार कुणी केली? येथूनच खरी गोष्ट सुरू होते.

होक्काइदो ही मूळची ऐनू लोकांची भूमी. रुबेशिबे, अबाशिरी ही नावे त्यांच्याच भाषेतून आली. १८६९ नंतर जपान सरकारने बेट ताब्यात घेतले. रस्ते हवे होते, मजूर नव्हते. १८८५ साली कानेको केन्तारो नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की कैद्यांना कामाला लावा, त्यांची मजुरी निम्म्याहून कमी पडते. आणि ते मेले, तर तुरुंगाचा खर्च वाचतो! १८९१ साली अबाशिरी तुरुंगातल्या हजाराहून जास्त कैद्यांनी डोंगरातून रस्ता खोदला. त्यांतले दोनशेहून अधिक मेले. कितामीजवळच्या तान्नो येथे त्यांच्या पुरलेल्या जागांना 'साखळीचे ढिगारे' म्हणतात, कारण तेथे बेड्या सापडल्या.

पुढे १८९४ मध्ये कैद्यांना बाहेर कामावर नेणे बंद झाले. मग ठेकेदारांनी दुसरा मार्ग काढला. शहरांतल्या बेकार, कर्जबाजारी माणसांना दलाल गाठायचे, गोड बोलून अंगावर उचल द्यायचे आणि होक्काइदोला पाठवायचे. तेथे रात्री खोपटाला बाहेरून कुलूप. दिवसभर मुकादमाची काठी. निकृष्ट अन्न. पळून जाणारा सापडला तर मरेस्तोवर मार. अशा खोपटाला जपानी भाषेत 'ताकोबेया' म्हणत, म्हणजे अष्टपादाची खोली. मडक्यात शिरलेल्या अष्टपादाला बाहेर पडता येत नाही, तशीच या मजुरांची गत. उचल आणि मुकादम हे शब्द ऐकून ज्यांच्या घरात ऊसतोड किंवा वीटभट्टी आहे, त्यांना वेगळे काही समजावून द्यावे लागणार नाही.

इकुताहारा आणि रुबेशिबे यांच्या दरम्यानचा जोमोन बोगदा अशाच मजुरांनी खणला. काम १९१२ मध्ये सुरू झाले आणि १९१४ मध्ये रेल्वे सुरू झाली. बोगद्याची लांबी अवघी ५०७ मीटर. त्यासाठी शंभरावर मजूर मेले, असे सांगतात. आजारी पडला, त्याला औषध नाही. मेला, त्याला रानात पुरायचे. घरी कळवायचेही नाही.

गाडी त्या बोगद्यात शिरली आणि बाहेर पडली, तेव्हा आम्ही मनात त्या माणसांना वंदन केले. एका मिनिटाच्या आत सारा अंधार संपला. शेजारचे प्रवासी झोपले होते.

पुढे कित्येक वर्षे या बोगद्यात भुते दिसतात, अशी वदंता होती. रात्री रुळावर कुणी उभे दिसते, गाडी थांबवावी तर कुणीच नसते. तेथे रात्रपाळी करायला रेल्वे कामगार घाबरत. भिंतीत माणसे पुरली आहेत, असेही म्हातारे सांगत. शहाणे लोक हसत. १९५९ साली तेथे मजुरांच्या स्मरणार्थ जिझोची, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची, मूर्ती बसवली गेली.

१९६८ च्या भूकंपात बोगद्याच्या भिंतीला तडे गेले. १९७० मध्ये दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा विटांमागे माणसाची हाडे निघाली. ते भूत नव्हते. तो माणूस होता!

आपण भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या अन्यायाची दप्तरात नोंद होत नाही, तो लोकांच्या तोंडी भुताची गोष्ट होऊन राहतो. अशा वेळी गोष्ट हसण्यावारी नेऊन भागत नाही. ती का सांगितली जाते, याचा शोध घ्यावा लागतो. कितामीचे एक इतिहास शिक्षक, कोइके योशिताका, यांनी हेच केले. त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतले, म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून काढल्या, बोगद्याच्या परिसरात दडलेले अवशेष शोधले आणि १९७७ मध्ये जोमोन बोगद्यावर पुस्तक लिहिले. १९८० साली कानेहाना येथे मृत मजुरांचे स्मारक उभे राहिले. बोगदा खणल्यावर तब्बल ६६ वर्षांनी.

कानेहाना स्टेशनही २०१६ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाले. त्याच वर्षी, हा सारा मार्ग एकटीच्या बळावर चालवणे आम्हाला कठीण आहे, असे रेल्वे कंपनीने जाहीर केले. ज्याच्यासाठी एवढे जीव गेले, त्याचा आता तोट्याचा हिशोब होतो.

प्रवासात आम्हाला वारंवार मनमाड आठवत होते. १९३८ च्या फेब्रुवारीत तेथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांचे दुःख मांडले. आपला माणूस गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे ते तेथेच म्हणाले. जपानच्या त्या मजुरांची जात वेगळी, देश वेगळा. पण स्वस्तात राबवायचे आणि नाव पुसायचे, ही रीत एकच.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत आजही कुणाचे वडील गँगमन होते, कुणाचे आजोबा गिरणीत, कुणाची आजी रस्त्याच्या खडीवर होती. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. एक वही घ्या. त्यांच्यापाशी बसा. कुठे काम केले, मजुरी किती होती, बरोबर कोण होते, कोण दगावले, हे विचारा आणि लिहून ठेवा. हायस्कुलात जाणाऱ्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे. होक्काइदोत एका शिक्षकाने सुरुवात केली, आपल्याकडे ती घराघरांतून व्हावी.

जयभीम.