उघड्या पुस्तकाची परीक्षा

मंडळी, हसू नका. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली निम्मी बाकाखालून पुस्तकं ओढून काढण्यात गेली. आणि आता आमच्या कोथरूडच्या घरात पंचेचाळिशीचा मुलगा दोन जाडजूड ठोकळे पसरून सांगतोय, "अण्णा, ही पुस्तकं परीक्षेत नेता येतात!"

परीक्षा अग्निसुरक्षेची, सीएफपीएस. घेते अमेरिकेतली एनएफपीए, ही १८९६ सालची संस्था. शंभर प्रश्न, तीन तास. "मग शिकायचं काय, कप्पाळ?" मी म्हटलं. तर म्हणाला, "एका प्रश्नाला दोन मिनिटंही येत नाहीत. उत्तर कुठे आहे ते आधी माहीत हवं." म्हणून पानोपानी रंगीत चिठ्ठ्या.

प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. इंग्रजी यथातथाच, पण बदली तासाला विज्ञान शिकवलंय. उष्णता, इंधन, ऑक्सिजन, असा आगीचा त्रिकोण मी फळ्यावर काढत असे. इथे कळलं की त्याला चौथी बाजूही आहे, साखळी-अभिक्रिया. लाल नळकांड्यातली पावडर मारली की ही साखळी तुटते आणि ज्वाळा विझते. इतकी वर्षं मुलांना अर्धवट सांगितलं की मी!

असो. परवा तपासणीचं प्रकरण चालू होतं. एकदम म्हणाला, "अण्णा, आपल्या जिन्यातली होजरील शेवटची कधी उघडली?"

सोसायटीचा सचिव सहा वर्षं मीच. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचा 'ब' नमुन्यातला दाखला दर जानेवारी-जुलैला लागतो. माझ्या फायलीत बाराच्या बारा आहेत, तारखेवार लावलेले, 'यंत्रणा सुस्थितीत'. अभिमानानं काढून दाखवले. तो काही बोलला नाही, पायात चप्पल घातली.

सातव्या मजल्यावर त्यानं नळ फिरवला. फुस्स करून हवा आली, दोन थेंब तांबूस पाणी, बस्स. गच्चीवरची टाकी भरलेली होती. तिच्या खालचा व्हॉल्व्ह बंद, आणि चाक गंजून बसलेलं. याच मजल्यावर आम्ही राहतो. हिचे गुडघे असे की लिफ्टशिवाय खाली उतरता येत नाही. तपासायला आलेल्या माणसाबरोबर मी एकदाही जिना चढलो नव्हतो, खाली ऑफिसात चहा पाजून सही घेतली.

व्हॉल्व्ह बदलला. कमिटीपुढे मी सगळं सांगितलं, लेखीही दिलं. दोघंतिघं म्हणाले, "सर, कशाला उगाच कागदावर आणता?" आणलं.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. रोज रात्री नऊला बसतो आम्ही. पुस्तक मात्र मी मिटायला लावतो.