लक्ष्मी गेटची ‘इते बसा’ मराठी

आपण म्हणतो झाशी, तिथले लोक म्हणतात झाँसी. स्टेशनच्या पाटीवर आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ हे नावही आहे. जुन्या शहराच्या कोटाला अनेक दरवाजे होते: ओरछा, दतिया, उन्नाव, सागर, खंडेराव. त्यांतलाच एक लक्ष्मी गेट. नाव ऐकून आपल्याला राणीच आठवते, पण दरवाज्याबाहेर थोडं चाललात की महालक्ष्मीचं मंदिर आणि लक्ष्मी ताल लागतो. तलावाजवळच गंगाधररावांची छत्री आहे. १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी संस्थान खालसा केलं.

अठराव्या शतकात मराठी सुभेदारांबरोबर अनेक मराठी घरं इथे आली आणि इथलीच झाली. अशाच एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो होतो. आजींनी दारातच म्हटलं, “या, इते बसा.” माझी नऊ वर्षांची मुलगी खुदकन हसली. “आजी, इते नाही, इथे!” आजी हसल्या खऱ्या, पण त्यानंतर आमच्याशी त्या हिंदीतच बोलत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

‘इते’ हा बुंदेली शब्द. बुंदेलीत मुलाला मोडा आणि मुलीला मोडी म्हणतात. आपल्याला मोडी म्हटलं की जुनी लिपी आठवते! आपल्या ‘हो’ला बुंदेलीत ‘हओ’ म्हणतात. दोन भाषा इतकी वर्षं शेजारी राहिल्या की शब्दांची उसनवारी होणारच. मग आजींच्या बोलीला नाव काय द्यायचं? अशुद्ध मराठी, की झाशीची मराठी?

बोलींना नावं देण्याचं मोठं काम ग्रियर्सन यांनी केलं. एकच गोष्ट, बायबलातली उधळ्या मुलाची, त्यांनी ठिकठिकाणच्या बोलींत लिहवून घेतली. मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. बुंदेली १९१६ च्या खंडात पश्चिमी हिंदीखाली गेली. आजही जनगणनेत बुंदेली हिंदीतच मोजली जाते. २०११ मध्ये सुमारे ५६ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली होती. एवढ्या लोकांच्या भाषेलाही ‘गावंढळ हिंदी’ म्हणणारे भेटतातच.

नावाचा हा प्रश्न अमेरिकेतल्या लेनापे लोकांपुढेही आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सीचा भाग मूळ त्यांचा. हुसकावले जाऊन काही ओक्लाहोमात गेले, काही कॅनडात. अभ्यासकांनी त्यांच्या भाषेचे मुन्सी आणि उनामी असे दोन भाग केले. उनामीचेही पुन्हा उत्तरी आणि दक्षिणी. उनामी लहानपणापासून बोलणारी शेवटची व्यक्ती २००२ मध्ये वारली. आता नवी पिढी ज्येष्ठांच्या ध्वनिमुद्रणांवरून ती शिकते आहे. जुन्या मिशनऱ्यांनी लिहून ठेवलेला शब्द एका बोलीतला असतो, ध्वनिमुद्रणातला दुसरीतला. कुठला शिकवायचा? दोन्ही एकत्र केले, तर आजी-आजोबा जी बोलत होते ती भाषा राहत नाही. आणि एकच खरी म्हटली, तर दुसरीकडचे लोक दुखावतात. म्हणून तिथे वर्गीकरण हा केवळ विद्वानांचा विषय नाही.

बोलणारं माणूस समोर असताना आपलं काम किती सोपं असतं! त्या रात्री मी मुलीला एवढंच सांगितलं, “आजी चुकल्या नव्हत्या. तो त्यांच्या गावचा शब्द आहे.” दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीचं दर्शन घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. मुलीनं दारातच विचारलं, “आजी, इते बसू?”

“हओ, बस की,” आजी म्हणाल्या. मग चहा होईपर्यंत त्या मराठीतच बोलत होत्या, आणि मुलगी माझ्या फोनमध्ये त्यांचे शब्द टिपून घेत होती.

तुमच्याही घरात असे शब्द असतील. कुणी ते बोललं, तर दुरुस्त करण्याआधी विचारा: हा शब्द कुठला?