दादीचे पानदान

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात जुनी पितळी भांडी असतीलच. आमच्या घरी दादीचे पानदान होते. दादीचे निधन झाल्यावर ते फडताळात पडून काळे झाले. बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा अम्मी म्हणाली, "हे पानदान हिलाच द्यायचे. दादीची तशी इच्छा होती."

मी लगेच म्हणालो, "द्या इकडे. दहा मिनिटांत आरशासारखे करतो!"

माझ्या अब्बांनी अनेक वर्षे यंत्रमाग कारखान्यात फिटरचे काम केले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीत छोटे वर्कशॉप मांडले. तिथे टेबलावर बसवलेला एक ग्राइंडर आहे. त्याच्या दोन्ही टोकांना धार लावण्याचे दगडी चाक असते. दगड काढून तिथे कापडाचे मऊ चाक लावले, की तेच यंत्र पॉलिशचे होते. या कापडी चाकाला कारागीर 'बफ' म्हणतात. आमच्या ग्राइंडरला वेग बदलण्याचे बटणही आहे. मिनिटाला २००० पासून ३४०० फेऱ्यांपर्यंत वेग ठेवता येतो.

अब्बा असरच्या नमाजला निघाले होते. जाताना म्हणाले, "मी आल्यावर करू. आणि वेग कमीच ठेवायचा, बेटा."

पण मला धीर कुठला? मराठीत म्हण आहे ना, 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!' मी बफ बसवला, बटण शेवटपर्यंत फिरवले आणि झाकण चाकाला लावले. क्षणभर पितळ सोन्यासारखे चमकले. दुसऱ्याच क्षणी चाकाने झाकणाची कड पकडली. झाकण हातातून हिसकले गेले, भिंतीवर आदळले आणि खणखणत खाली पडले. त्याला मोठा पोचा आला होता. माझ्या कुर्त्याची बाही चाकापासून दोन बोटांवर होती.

तेवढ्यात अब्बा परतले. त्यांनी आधी यंत्र बंद केले. झाकणाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "हात दाखव." माझी दहाही बोटे त्यांनी एकेक करून तपासली. मग ते खुर्चीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. मित्रांनो, ते रागावले असते तर बरे झाले असते!

रात्री मी कागद घेऊन हिशेब केला. तुम्हीही करून पाहा. चाकाचा व्यास १५ सेंटीमीटर. त्याला ३.१४ ने गुणले, की परीघ ४७.१ सेंटीमीटर. मिनिटाला ३४०० फेऱ्या म्हणजे चाकाची कड ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने धावते. २००० फेऱ्यांना हाच वेग सुमारे ५७ किलोमीटर होतो. वर्गात परिघाचे सूत्र शिकवणारा मी, घरी मात्र ते विसरलो होतो!

दुसऱ्या दिवशी अब्बांनी मला सारे पहिल्यापासून शिकवले. प्रथम प्लग काढायचा, मगच चाक बदलायचे. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. बफपुढचा लोखंडी टेका काढून ठेवायचा, नाहीतर वस्तू त्यात अडकते. बाह्या वर, ओढणी किंवा मफलर दूर, हातात कापडी मोजे नकोत. डोळ्यांवर चश्मा आणि नाकावर फडके हवेच. चाकाची आपल्याकडची बाजू वरून खाली फिरते. म्हणून वस्तू चाकाच्या मध्याच्या खाली धरायची आणि तिची कड खालच्या दिशेला ठेवायची. मग चाकाने ओढलीच, तर ती कड चाकात अडकत नाही. "वेग कमी केला म्हणून निष्काळजी व्हायचे नाही," अब्बा म्हणाले, "कमी वेगातही चाक हिसका देते."

मग आम्ही कापडी चाकाला पॉलिशची वडी थोडीशी लावली. पितळ तापले की थांबायचे, निवले की पुन्हा सुरू करायचे. पानदानाच्या आतल्या कल्हईला मात्र हात लावला नाही. ती घासली गेली असती. दहा मिनिटांचे काम दोन तास चालले. पानदान उजळले, पण पोचा राहिला.

मी बहिणीची माफी मागितली. म्हणालो, "ठोकून सरळ करून आणतो." ती म्हणाली, "नको, भाईजान. राहू द्या. तुमचा हात वाचला, याची ती खूण आहे." पोचा असलेले ते पानदान घेऊनच ती सासरी गेली.

मित्रांनो, उर्दूत 'सैकल' म्हणजे वस्तू घासून चकचकीत करणे, हे तुम्हाला ठाऊक आहे. याच शब्दावरून मराठीत 'शिकलगार' हा शब्द आला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार व चमक देणारा कारागीर. तुमच्या ओळखीत या आडनावाचे कुणी असेलही. शब्द असो वा पितळ, चमक यायला वेळ लागतो. तुमच्या हाती यंत्र येईल, तेव्हा बटण फिरवण्याआधी घरात तुमची वाट पाहणाऱ्यांची आठवण ठेवा.