मिठाखालचं पाणी

चिलेच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साधारण २,३०० मीटर उंचीवर, आताकामाचं मिठाचं पठार आहे. सलार दे आताकामा. विस्तार जवळपास तीन हजार चौरस किलोमीटर. मोबाइलच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारं लिथियम जगात ज्या मोजक्या जागी निघतं, त्यांतली ही एक मोठी जागा. १९८४पासून तिथे उपसा चालू आहे. तिथून काय काय कमी होत चाललंय, ते लिहून ठेवतो.

खारं पाणी. इथल्या खाणीत सुरुंग नाही, खड्डा नाही. मिठाच्या थराखालचं खारं पाणी पंपाने वर आणायचं, मिठागरासारख्या वाफ्यांत सोडायचं आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात आटू द्यायचं. सुरुवातीच्या वाफ्यांत ते निळं दिसतं. एकेक क्षार तळाशी बसत जातो तसतसं हिरवट होतं आणि शेवटच्या वाफ्यात पिवळं, तेलासारखं दाट. मग टँकरने अंतोफागास्ताकडच्या कारखान्यात. दोन कंपन्यांना मिळून सेकंदाला दोन हजार लिटरहून अधिक उपशाची परवानगी मिळाली. त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन जातं. चिलेचा कायदा मात्र याला पाणी म्हणत नाही, खनिज म्हणतो. जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटांपैकी एकात जमिनीतून जे उपसलं जातं, ते पाण्याच्या हिशेबातच धरलेलं नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

कडेची तळी. अँडीजवरून झिरपत आलेलं गोडं पाणी हलकं असतं. पठाराच्या कडेला जड खारं पाणी त्याला अडवतं, म्हणून ते वर येतं आणि तळी भरतात. खालचं खारं पाणी उतरलं की हा आधार सुटतो.

रोहित पक्षी. तीन जातींचे: चिलीयन, अँडियन आणि जेम्स. चोच उलटी करून या तळ्यांतलं बारीक शेवाळ आणि जीव गाळून खाणारे. मादी चिखलाच्या उंचवट्यावर एका विणीला एकच अंडं घालते. त्यामुळे थवा एकदा रोडावला की भरून यायला वर्षं जातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या पठारावरचे अँडियन आणि जेम्स रोहित ११ वर्षांत १० ते १२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

आल्गारोबो. आपल्या शमीच्या गोतातलं झाड, मुळं खोल भूजलापर्यंत जाणारी. शेंगांचं पीठ करतात, पेय आंबवतात. २०१३च्या तपासणीत एका खाणक्षेत्रातली सुमारे एक तृतीयांश झाडं सुकत चाललेली आढळली.

जमिनीची पातळी. उपग्रहांच्या नोंदींवरून, उपसा होतो त्या नैऋत्य भागात पठार वर्षाला १ ते २ सेंटिमीटर खचतंय.

कुंझा. तिथल्या लिकानांताय लोकांची भाषा. ती खाणीमुळे गेली नाही. स्पॅनिशखाली दबून आधीच बोलण्यातून गेली. गावांच्या आणि डोंगरांच्या नावांत उरली, आणि एका गाण्यात. पेइने, सोकाइरे या गावांत वर्षातून एकदा सगळे मिळून शेताचे पाट साफ करतात, तेव्हा तालातुर गातात. गाणाऱ्यांनाही सगळे शब्द उमगत नाहीत. कुंझात पाण्याला ‘पुरी’ म्हणतात. गाणं पाटाचं आहे. पाट कोरडा पडला तर ते गायला कारणच राहणार नाही.

विजेवरच्या गाड्या नकोत, असं मी म्हणत नाही. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवरच्या रिक्षांचा धूर मी खाल्लेला आहे, तो परत नको. पण आता आपणही या उपशात उतरतोय. जानेवारी २०२४मध्ये ‘काबिल’ या आपल्या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कतामार्का प्रांतात लिथियमच्या पाच पट्ट्यांसाठी करार केला, एकूण १५,७०३ हेक्टर. याच प्रांतात दुसऱ्या एका लिथियम प्रकल्पाजवळ त्रापिचे नदीकाठचं कुरण सुकून गेलंय. तेव्हा आपल्या सरकारकडे मागणं एवढंच: पहिला पंप बसण्याआधी तिथल्या तळ्यांची पातळी आणि पक्ष्यांची संख्या मोजा, दरवर्षी ती जाहीर करा, आणि खाऱ्या पाण्याला पाणीच म्हणा.