सूर्यपराङ्मुख

आमच्या घराण्यात दत्तकविधान यापूर्वी एकदाच झाले होते, तेही निजामी अमदानीत, आणि त्याचा उर्दू दस्तऐवज अद्याप माझ्या ट्रंकेत जपून ठेवलेला आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर मीही कुणाला दत्तक घेईन, आणि तो वीतभर लांबीचा, पांढुरक्या अंगाचा, गुलाबी कल्ल्यांचा व पापण्या नसलेला एक जलचर असेल, असे भाकीत कुणी ज्योतिषाने केले असते तर मी त्याची दक्षिणा परत मागितली असती. हैदराबादेत नोकरीस असलेला भाचा परदेशी निघाला आणि "मामा, दुसऱ्या कुणाच्या हाती हा जगणार नाही," एवढ्या एका वाक्यावर त्याने माझी संमती गृहीत धरली. बर्फाच्या बाटल्यांनी वेढलेल्या थर्माकोलच्या पेटीतून, निजामाबाद आणि बासर मागे टाकीत, फाल्गुनाच्या अखेरीस हा ॲक्सोलॉटल धर्माबादच्या फलाटावर उतरला. सोबत कागदपत्रांची चळत होती, कारण 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा परदेशी प्राण्याच्या ताब्याची आणि हस्तांतरणाचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. आमच्या पूर्वजाच्या दत्तकपत्रापेक्षा हे दप्तर जाड भरले.

त्याचे मूळ वतन मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को येथील कालव्यांत. तेथील पुराणकथेत शोलोत्ल नावाचा देव आहे. सूर्य चालू लागावा म्हणून देवांनी आत्मबलिदान मांडले तेव्हा हा एकटा पळाला, मक्याचे रोप झाला, घायपात झाला, आणि शेवटी पाण्यात दडून ॲक्सोलॉटल झाला. सूर्याला असा भ्यालेला प्राणी, चैत्रातच पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या मुलखात यावा, यास काय म्हणावे? त्याला पाणी हवे सोळा ते अठरा अंशांचे. आमच्या नळाचे पाणी दुपारी हात पोळते. रांजणाला ओले गोणपाट गुंडाळावे तसे टाकीला गुंडाळून पाहिले, पाण्यावर पंखा लावला, गोठविलेल्या बाटल्या पाळीपाळीने सोडल्या, आणि अखेर निवृत्तिवेतनातून पाणी थंड करणारे यंत्र आणविले, ज्याची किंमत घरात अद्याप कुणाला खरी सांगितलेली नाही.

परंतु उष्णतेहून मला धास्ती वाटली ती मिरचीची. आमचे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेबद्दल ख्यात. हंगामात बाजाराकडून वारा सुटला की अख्खी आळी शिंकते, आणि याच्यासारख्या उभयचराची त्वचा म्हणजे पाण्यात विरघळलेले बरेवाईट सारे आत घेणारा उघडा दरवाजा. एकदा जेवून उठल्यावर हात नुसते खळबळून मी त्याच्या खाण्यातले उरलेले गांडूळ काढण्यास टाकीत हात घातला, तो गरीब प्राणी असा उसळून काचेवर आदळला की त्या क्षणापासून टाकीस स्पर्श करण्यापूर्वी कोपरापर्यंत हात धुवून ते चांगले निथळून घेण्याचा सोवळ्याचा आचार घरात सुरू झाला.

खरे म्हणजे मी पाळला तो प्राणी नव्हे, पाणी. विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया साचतो, तो घातक, एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातक, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते तुलनेने सोसवते आणि पाणी बदलले की जाते. हे जिवाणू नव्या टाकीत वसण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून भाच्याने जुन्या गाळणीचा स्पंज ओलाच पाठविला होता, विरजणच ते. तळाशी खडे घालावयाचे नाहीत, कारण हा तोंड उघडून पाण्यासह समोरचे सारे ओढून घेतो आणि खडा पोटात अडकतो.

1864 साली पॅरिसला 34 ॲक्सोलॉटल आले, त्यांत एक पांढरा नर होता. आजच्या पाळीव पांढऱ्यांचा वंश त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे आमच्या या दत्तकाचे मूळ पुरुष सापडतात, माझे चार पिढ्यांपलीकडे सापडत नाहीत. मायभूमीत मात्र त्याचे गणगोत सरत चालले आहे: सोचिमिल्कोत 1998 साली चौरस किलोमीटरला सुमारे 6000 आढळत, 2014 साली 36.

वैशाखातल्या एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पाणी सव्वीस अंशांवर गेले, त्याचे कल्ले पुढे वळले, पिसारा गळाला. मी त्याला झाकणाच्या डब्यात घेतले, आणि वीज येताच डबा फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला. थंडाव्याने त्याला शांत करण्याचा हा उपाय भाच्याने सांगून ठेवला होता. सकाळी कोथिंबीर काढायला गेलेली बायको किंचाळली नाही. फक्त म्हणाली, "अहो, हे मेथीजवळ का ठेवलंत?" तिसऱ्या दिवशी त्याने गांडूळ गिळले. शेजारचे पाटील रोज विचारतात, "मास्तर, पाल का मासा, एकदा ठरवा की." मी ठरविलेले नाही, तोही मोठा व्हावयाचे नाकारून जन्मभर कल्लेधारी बालकच राहतो.

यंदा मिरचीचे वाळवण अंगणातून गच्चीवर गेले आहे. टाकी अंगणाच्या खिडकीशी आहे, हे मी बोललो नाही. जिने चढताना गुडघे दुखतात, ही तक्रार मात्र बायकोने चालू ठेवली आहे.