धाकधूक आणि धीर

भीती, चिंता आणि आत्मविश्वास या तीन अवस्थांचा विचार बहुधा माणसाच्या स्वभावापुरताच केला जातो. अमका भित्रा, तमका काळजीखोर आणि आणखी कोणी मोठ्या धीराचा, अशी वाटणी करून समाज मोकळा होतो, आणि ज्याच्या वाट्याला पहिली दोन विशेषणे येतात तो ती जन्मभर वागवत राहतो. या वाटणीत भीती हा दोष मानलेला असतो, वस्तुतः ती जिवंत शरीराची संरक्षक व्यवस्था आहे. आणि आत्मविश्वास हा उपजत गुण मानलेला असतो, वस्तुतः तो कृतीतून आणि माणसांच्या संगतीतून घडत जातो. सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहराचा गेल्या शतकातील अनुभव नीट पाहिला, तर या दोन्ही गोष्टी रोजच्या जगण्यात पडताळून पाहता येतात.

प्रथम भीती आणि चिंता यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. भीतीचे कारण समोर उभे असते: अंगावर आलेले वाहन, चढलेल्या आवाजात बोलणारा मालक, घरात शिरलेले पुराचे पाणी. चिंतेचे कारण अजून घडलेलेच नसते. ते घडेल की काय या शंकेवर चिंता पोसली जाते आणि म्हणूनच धोका टळला तरी ती टळत नाही. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. मेंदूच्या आतल्या भागात बदामाच्या आकाराचा एक लहानसा पेशीसमूह असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच, मग तो धोका डोळ्यांपुढचा असो वा कल्पनेतला, त्याच्याकडून इशारा जातो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन हे द्रव्य रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तळहातांना घाम सुटतो आणि पचनाचे काम मंदावते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलांचा अर्थ स्पष्ट केला: लढण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी शरीर आपली सारी शक्ती स्नायूंकडे वळवते. परीक्षेच्या आदल्या रात्री होणारी धडधड किंवा मुलाखतीच्या दारात कोरडा पडणारा घसा हे दुबळेपणाचे लक्षण नसून याच सज्जतेचे रूप आहे, एवढे समजले तरी भीतीचीच वाटणारी भीती बरीच कमी होते.

तथापि चिंता ही केवळ शरीरातील रसायनांची गोष्ट नाही, तिला पत्ता असतो, व्यवसाय असतो आणि इतिहासही असतो. सोलापूरची ओळख एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे शहर अशी होती, आणि एकेका गिरणीवर हजारो कुटुंबांची चूल अवलंबून होती. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ‘जुनी गिरणी’ 1949 मध्ये बंद पडली, तेव्हा या कुटुंबांच्या पोटात उठलेला गोळा इतका मोठा होता की जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घ्यावा लागला. अत्यावश्यक मालाच्या उत्पादनात आलेला अडथळा आणि कामगारांत पसरलेली गंभीर बेकारी ही कारणे त्या वटहुकुमातच नमूद होती. पुढे त्या वटहुकुमाच्या जागी आलेल्या कायद्याला एका भागधारकाने आव्हान दिले आणि 4 डिसेंबर 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. चरणजितलाल चौधरी खटला म्हणून हे प्रकरण आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. पुढील दशकांत शहरातील मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि महिन्याच्या ठरावीक दिवशी हाती येणाऱ्या पगाराची जागा यंत्रमागावरच्या, विडीच्या आणि रोजंदारीच्या अनिश्चित कमाईने घेतली.

या अनिश्चिततेचे रोजचे रूप समजून घेण्यासारखे आहे. विडी कामगार स्त्रीला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तेंदूची पाने भिजवून, कात्रीने कापून, तंबाखू भरून आणि दोऱ्याने बांधून तयार केलेला माल कारखान्यात नेल्यावर त्यातल्या सदोष ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, आणि मग दिवसभर मान मोडून केलेल्या कामाचे मोल दुसऱ्याच्या नजरेवर ठरते. यंत्रमागावरील कामगाराचे लक्ष चादरींच्या आणि टॉवेलांच्या मागणीकडे असते, शेतकऱ्याचे आभाळाकडे आणि उजनी धरणाच्या पातळीकडे, आणि नळाला काही दिवसांआड येणारे पाणी नेमके कधी येईल या विचारात शहरातील गृहिणीची झोप सावध राहते. शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याला निघून जातात, तेव्हा मागे राहिलेल्या आईवडिलांच्या जिवाला आणखी एक घोर लागतो. अशा माणसाला ‘उगाच काळजी करू नका’ असे सांगणे हा उपदेश नसून त्याच्या परिस्थितीचा अनादर आहे, कारण त्याची काळजी उगाच नसते.

म्हणून चिंतेचे दोन भाग वेगळे करून पाहण्याची सवय लावून घेणे आवश्यक आहे. एक भाग परिस्थितीचा असतो आणि तो परिस्थिती बदलल्याखेरीज जात नाही. दुसरा भाग मनाने त्यावर चढवलेला असतो. मजुरी कमी पडेल ही शंका परिस्थितीतून येते, पण ‘मजुरी कमी पडली म्हणजे मी नालायक ठरलो आणि आता सारेच संपले’ हा निष्कर्ष मनाचा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा पाया याच भेदावर उभा आहे: घटना आणि भावना यांच्या मध्ये माणसाने स्वतः केलेला एक विचार असतो, आणि तो तपासता येतो. हा विचार तपासल्याने मजुरी वाढत नाही हे खरे, परंतु मजुरी वाढवून मागण्यासाठी लागणारी ताकद भलत्याच ठिकाणी खर्ची पडत नाही.

चिंता मुरते ती टाळाटाळीमुळे. सोलापूरच्या अनेक घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते, शाळेत आणि कचेरीत मराठी लागते, तर नोकरीच्या दारात इंग्रजी उभी असते; अशा वेळी शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरातून आलेली एखादी हुशार मुलगीही आपल्या बोलण्याला कोणी हसेल या धास्तीने वर्गात हात वर करत नाही. हात वर न केल्याने त्या क्षणापुरती सुटका होते, छातीतली धडधड ओसरते, आणि गप्प राहिले म्हणूनच वाचले असा धडा मन गिरवते. पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते, आणि जे करून पाहिलेच नाही ते जमणार नाही ही समजूत दर नकाराबरोबर पक्की होत जाते. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा मानसशास्त्राने पुनःपुन्हा तपासलेला मार्ग म्हणजे भीतीच्या विषयाशी लहान लहान पायऱ्यांनी ओळख करून घेणे: आधी एका मैत्रिणीसमोर बोलणे, मग चौघींसमोर, मग वर्गात एक वाक्य, आणि प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत तेथेच थांबणे.

आत्मविश्वासाची घडण येथूनच सुरू होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेची खात्री ही संकल्पना मांडली. विशिष्ट काम आपल्याला करता येईल असा जो विश्वास माणसाला वाटतो, त्याला त्यांनी हे नाव दिले आणि त्याचे चार उगम सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः पार पाडलेले काम; दुसरा, आपल्यासारख्याच माणसाने ते पार पाडलेले पाहणे; तिसरा, ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा माणसाने दिलेला भरवसा; आणि चौथा, आपल्या शरीरातील खळबळीचा आपण लावलेला अर्थ. या यादीत उपजत धैर्याला वेगळे स्थान नाही, आणि चारांपैकी दोन उगम तर सरळसरळ इतर माणसांमधून येतात. आत्मविश्वास हा एकट्याचा पराक्रम मानणाऱ्या आजच्या प्रेरणादायी भाषणबाजीला हा निष्कर्ष मोठा छेद देतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उगमांचे सामर्थ्य सोलापूरने 1930 मध्ये अनुभवले. 5 मे रोजी महात्मा गांधींना अटक झाल्यावर शहरात हरताळ पडला, 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, लोकक्षोभ उसळला आणि त्यानंतरचे काही दिवस शहरावर ब्रिटिश सत्तेचा अंमल उरला नाही. 12 मे रोजी लष्करी कायदा जारी झाला आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या दिवसांत जमावाच्या हातून हिंसाही घडली, आणि भीती गेली की तिची जागा संतापही घेऊ शकतो हा इशारा त्यात आहे. तरीही बंदुकीच्या धाकाखाली वावरणारी सामान्य माणसे शेजाऱ्याला पुढे होताना पाहून पुढे झाली, आणि वेगवेगळ्या जातिधर्मांचे चार तरुण एका निष्ठेने फासावर गेले, ही घटना धैर्य संसर्गाने पसरते याचा पुरावा आहे. सोलापूरहून पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस आज ज्या तरुणांना अनोळखी शहराकडे नेते, त्यांनी ते नाव केवळ वेळापत्रकातले मानू नये.

याच शहरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र आत्मविश्वासाच्या पहिल्या उगमाचा अर्थ उलगडते. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते युद्धग्रस्त चीनला गेले, तेव्हा ना त्यांना तेथील भाषा येत होती ना रणभूमीवरील शस्त्रक्रियेचा अनुभव होता. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, आघाडीवरील जखमींवर उपचार केले, तेथील तरुणांना वैद्यक शिकवले आणि कॅनेडियन शल्यचिकित्सक डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी स्वीकारली. पथकातील इतर सहकारी मायदेशी परतले, कोटणीस राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. आधी खात्री आणि मग कृती असा क्रम त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. काम अंगावर घेतले गेले आणि ते करता करता हात सरावले. बहुतेक माणसे मात्र खात्री वाटेपर्यंत थांबतात, आणि कृतीवाचून खात्री येत नसल्यामुळे थांबूनच राहतात.

परिस्थितीतून उपजलेल्या चिंतेवर परिस्थितीतच उपाय शोधल्याचे उदाहरणही सोलापूरजवळच आहे. भाड्याच्या खोलीतून कधी बाहेर काढले जाईल या धास्तीत राहणाऱ्या विडी कामगार स्त्रिया कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाल्या, कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या नावाने त्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, आणि कुंभारी येथे सुमारे 10 हजार घरांची वसाहत होऊन 2006 मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. पुढे 2024 च्या जानेवारीत कुंभारीतच कामगारांसाठी उभारलेल्या रे नगर वसाहतीतील 15 हजार घरांचे हस्तांतर झाले. मोर्चे, अर्ज, हप्ते आणि वाट पाहणे यांत या स्त्रियांची अनेक वर्षे गेली. स्वतःच्या नावावरचे दार असणे हा चिंतेवरचा उपाय कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि तो मिळवताना अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलण्याची जी सवय लागते ती पुढच्या पिढीलाही पुरते.

असे असले तरी काही चिंता धीराने आणि संघटनेनेही आटोक्यात येत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस काळजी सरत नसेल, झोप उडाली असेल, कामावर जाणे अशक्य होत असेल किंवा कारण नसताना एकाएकी छाती धडधडून आता जीव जातो असे वाटत असेल, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. अशी माणसे पुष्कळदा ‘छातीत धडधडतं, अंगात कापरं भरतं’ एवढेच सांगून हृदयाच्या तपासण्या करत फिरतात, किंवा देवर्षीच्या अंगाऱ्यात आणि गंड्यात पैसे घालवतात. हृदयाचा आणि थायरॉइडचा विकार नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घेणे योग्यच आहे, पण त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनी, म्हणजे 10 ऑक्टोबर 2022 रोजी, सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते.

या साऱ्या विचारातून कुटुंबाच्या, शाळेच्या आणि कामाच्या जागेच्या पदरी एक जबाबदारी येते. भ्यालेल्या मुलाला ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून गप्प करण्याऐवजी त्याच्यासोबत पहिली पायरी चढावी, चिंतेत असलेल्या शेजाऱ्याची काळजी खरी आहे का हे आधी ऐकून घ्यावे, आणि ती खरी असेल तर तिचे कारण दूर करण्यासाठी त्याच्या बाजूने उभे राहावे. ज्याला स्वतःची भीती ठाऊक आहे त्याने ती जाण्याची वाट न पाहता आजच्या दिवसापुरते एक लहान काम हाती घ्यावे. भीती माणसाला निसर्गाने दिलेली आहे. धीर मात्र माणसांनी एकमेकांना द्यायचा असतो, आणि तो देण्यात कोणत्याही घराने, कोणत्याही शहराने कुचराई करू नये.