गळ टाकण्यापूर्वीं

ज्या वाचकांनीं चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या लोकांच्या चांद्याचा, मुलूख पाहिलेला नाहीं, त्यांच्या डोळ्यांपुढें त्याचें नांव घेतांच कोळसा आणि वाघ हीं दोनच चित्रें उभीं राहतात. परंतु बल्लारपूर मागें टाकून वर्धा नदीच्या पुलावरून राजुऱ्याकडे वळलें, म्हणजे तिसरेंही एक चित्र दिसूं लागतें, तें पाण्याचें. राजुऱ्याच्या पश्चिमेस गडचांदूर आहे. भोंवतालीं चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने. पलीकडे माणिकगडाचे डोंगर. आणि जवळच अमलनाल्याचें धरण. माझे वडील बंधु नोकरीनिमित्त तेथें राहतात. गेल्या दिवाळींत आम्ही सारीं त्यांच्याकडे जमलों होतों.

माझा पुतण्या नुकताच हिमाचलांतून परतला होता, तो गळाची काठी घेऊनच. तीर्थन नदीवर त्यानें रीतसर परवाना काढून ट्राउट मासे धरले व सोडून दिले होते. ट्राउट हा मूळचा आपल्या देशाचा मासा नव्हे. १९०० सालीं त्याचीं अंडीं विलायतेहून आणून तो काश्मिरांत रुजविण्यांत आला. त्यास थंड, खळाळतें पाणी लागतें. विदर्भाच्या उन्हांत तो जगावयाचा नाहीं. हिमाचलांत थंडीच्या दिवसांत, त्याच्या विणीच्या काळीं, ते ओढे गळास बंद असतात.

आमच्या घरीं मासा ताटांत येत नाहीं. तेव्हां आईनें विचारलें, "धरायचा आणि सोडून द्यायचा, मग छळायचा तरी कशाला रे?" त्यानें गळाचा उलटा दांत घासून टाकल्याचें दाखविलें, हात ओला करून मासा पाण्यांतच कसा सोडवावा तें सांगितलें. आईचें समाधान झालें नाहीं. खरें सांगावयाचें तर माझेंही नाहीं. पुढें तो म्हणाला, "शिवाय इथें परवाना कोण विचारतो?"

हें मात्र चुकीचें होतें. रानांतलें पाणी बेवारशी नसतें. तलाव व जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेले असतात. त्यांतील मासा हा कित्येक ढिवर कुटुंबांचा संसार असतो. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणें हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें गळाचें नांवच नको. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें अशा हक्कांत पाण्यांतील मासळीही येते. अशा गांवीं ग्रामसभेस विचारल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. आणि पावसाळ्यांत, रोहू-कटला पुराविरुद्ध चढून अंडीं घालतात तेव्हां, काठी घरींच ठेवावी.

म्हणून प्रथम आम्ही पाण्याच्या मालकांकडे गेलों. एका वृद्ध ढिवरानें हंसून होकार दिला व स्वतः बरोबर आला. दुपार टळली. मासा लागला नाहीं; पुतण्या कांठाशीं उकिडवा बसून राहिला. सूर्य डोंगरापलीकडे उतरला, आणि नेमका तेव्हांच त्याचा गळ पाण्यांतल्या मुळांत अडकला. तो वांकून दोरी सोडवूं लागला.

"भाऊ, उठा आता," म्हातारा हळूच म्हणाला. "खाली बसलेला मानूस वाघाले जनावर दिसते."

"आबाजी, पांचच मिनिटं!"

"गळ उद्या भेटन."

माझ्या अंगावर शहारा आला. याच राजुऱ्याच्या जंगलांत एका वाघानें अनेक माणसें मारलीं होतीं. ऑक्टोबर २०२० मध्यें त्यास पकडलें, तेव्हां लोकांनीं सुटकेचा श्वास घेतला. सरपण, मोहफुलें वा मासळी यांसाठीं खालीं वांकलेला माणूसच बहुधा अशा वेळीं सांपडतो, आणि पहांट व तिन्हीसांज याच वेळा घाताच्या. मीं पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि खिशांतली कात्री काढून दोरी कापली. आम्ही तिघेही मोठ्यानें बोलत, जवळ जवळ चालत, रस्त्यावर आलों. घरीं वहिनी दारांतच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं ऊन वर आल्यावर म्हाताऱ्यानें तो गळ मुळांतून काढून दिला. आदल्या संध्याकाळीं तेथें वाघ होता कीं नव्हता, हें आम्हांस कळलें नाहीं. कळण्याची गरजही नव्हती. पुतण्यानें गळ पुसून डबींत ठेवला आणि म्हाताऱ्यास विचारलें, "आबाजी, पुन्हां कधीं येऊं?" परवाना कोण विचारतो, असें म्हणणारा मुलगा आतां स्वतःच विचारूं लागला होता. त्या दिवाळींत आमच्या हातीं लागलेला मासा तो एवढाच. आणि तो आईसही चालण्यासारखा होता.